धूळ, क्रमांक सत्तेचाळीस

सोहोच्या तळघरात रात्रीचे पावणेदोन.
माझ्यापुढे एक लढाई, एकशे अठरा फ्रेम्सची.
घोडे येतात, टापा पडतात,
धूळ मात्र उडत नाही,
कारण शूटिंगच्या आदल्या रात्री यॉर्कशरमध्ये पाऊस झाला
आणि त्या चिखलाला काही केल्या वाळवंट व्हायचं नव्हतं.

तर धूळ मी आणायची.
साडेनऊला क्लायंट येणार, फिलिपा सांगून गेली आहे.
लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणं
हा आमच्याकडे पगारी हुद्दा आहे,
वर्षाला एकवीस सुट्ट्या धरून.

नेटवर सगळं मिळतं.
ठिणग्या, धुकं, राख, फुटत्या काचा,
बंदुकीचे जाळ शेकड्यांनी,
काळ्या पडद्यावर एकटंच उडणारं
कुणाचंच नसलेलं रक्त.
सगळ्याला पैसे पडतात.
फुकट देतो तो एकटा,
रॉचडेलचा कुणी डेरेक ऑल्डरसन:
त्रेसष्ट धुळी, क्रमांक घातलेल्या,
खाली एकच ओळ,
'खुशाल वापरा, नाव नको, फक्त विकू नका.'

चार वर्षं मी त्याचीच धूळ उडवते आहे.
एकदा रोमच्या कमानीखाली,
एकदा चंद्रावर (तिथं उलटी करून, मंद),
आणि एकदा एका मालिकेत
सात मजली इमारत पाडली तेव्हा
सगळ्या मजल्यांतून.

ती मालिका बाबांनी इस्लामपुरात पाहिली
आणि फोनवर म्हणाले,
इमारत झकास पडली गं,
पण ती धूळ नव्हे, पीठ आहे.
धूळ खाली बसते.
पीठ आधी विचार करतं.

मी हसले होते.
छत्तीस वर्षं गिरणी चालवलेला माणूस,
भुवयांत पीठ, कानाच्या पाळीत पीठ,
त्याला सगळीकडे पीठच दिसणार.

आज सत्तेचाळीस नंबर घेतला.
स्क्रीनवर टाकला, पिवळट केला,
घोड्याच्या मागच्या पायाशी मास्क लावला,
आणि कॉफी आणायला उठताना
तो कापायचाच राहिला.

परत आले तर क्लिप पुढे चालूच होती.
जे नेहमी शेपटी म्हणून मी छाटून टाकते
ते पडद्यावर निवांत उभं होतं.
काळ्या मखमलीवर वरून एक हात आला,
अंगठ्याला चिकटपट्टी,
हातात चाळण.
चाळणीच्या कडेला दोन टिचक्या,
आणि भुरभुर, भुरभुर.

आवाज काढायचा तो विसरला असावा.
आतून कुणी बाई म्हणाली,
'डेरेक, संडेच्या केकपुरतं तरी ठेव हं.'
मग शिंक. मग ती हसली की तो, कळलं नाही.
मग काळोख.

मी ती शेपटी अकरा वेळा पाहिली.
म्हणजे रोम याच्या स्वयंपाकघरात पडलं,
चंद्रही तिथलाच,
आणि या घोड्यांच्या टापांखाली
कुणाचा तरी रविवारचा केक
उधळला जातो आहे.

कापली. कापावीच लागते.
ओवेन म्हणतो, पडद्यावरचं खरं
कडेच्या बाहेरच राहतं,
पण ओवेन रात्री तीननंतर काहीही म्हणतो.
टापांना सावली दिली, दाणा जुळवला,
रेंडरला लावलं.
साडेनऊला क्लायंट आला,
पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघत राहिला,
म्हणाला, अजून थोडी.

पण ते नंतरचं.
त्याआधी, रेंडरचा काटा चाळिशीत अडकलेला असताना,
तिकडे सकाळचे आठ,
गिरणीचा पट्टा चढवायची वेळ,
मी फोन लावला.
बाबा, तुमचंच बरोबर होतं. पीठच आहे.

पलीकडून आधी पट्ट्याची फडफड,
मग कुणाला तरी 'डबा तिथंच ठेवा',
मग थोडा वेळ काहीच नाही.

'दळण बारीक होतं ना?'
त्यांनी विचारलं.